चौकोनाबाहेरचं आकाश

आमच्या सरांचा एक नियम होता. संगणकावर किंवा प्रयोगशाळेत जे काही सापडेल, ते लिहून काढण्याआधी त्यांच्या घरी जाऊन काकूंना सांगायचं. काकू म्हणजे सरांची पत्नी. स्वयंपाकघरात पाटावर बसून, मराठीत, शक्यतो इंग्रजी शब्द न वापरता सांगायचं. काकू जुन्या अकरावीपर्यंत शिकलेल्या होत्या आणि त्यांना भौतिकशास्त्राची काडीची आवड नव्हती. त्या भाजी निवडत, पोळ्या लाटत ऐकायच्या. सर बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र धरून बसलेले असायचे. त्यांचं पान उलटत नसायचं. सांगून झालं आणि काकू "बरं" म्हणाल्या की ते आतमध्ये डोकावून म्हणायचे, "आता लिहा."

इतर मुलांना त्यात गंमत वाटायची, चहा-पोहेही मिळायचे. मला मात्र ती शिक्षा होती. मी साताऱ्याच्या इंग्रजी शाळेत शिकलेली. वडील फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झाले आणि मुलीनं इंग्रजी बोललं पाहिजे एवढी एकच हौस त्यांनी आयुष्यात केली. घरी आम्ही मराठीच बोलायचो, पण ती भांड्याकुंड्यांची, पाहुण्यांची, आजारपणाची मराठी. शास्त्र मला इंग्रजीतच यायचं. आणि खरं सांगायचं तर इंग्रजीत मला लपता यायचं. वाक्य कर्मणी केलं की ते कुणी केलं हे सांगावं लागत नाही. 'असे आढळून येते' म्हटलं की आपण बाजूला उभे राहतो. काकूंसमोर तसं चालायचं नाही. त्या लगेच विचारायच्या, "कुणाला आढळलं? तुला की यांना?"

सांगलीच्या विश्रामबागेतल्या कॉलेजात एम.एस्सी. झाल्यावर मी सरांकडेच एम.फिल.ला नाव घातलं. मुंबईच्या किंवा पुण्याच्या मोठ्या संस्थेत अर्ज करावा असं सर सुचवत होते. मुलाखतीत मला बोलता येणार नाही हे मला माहीत होतं, म्हणून मी तो विषय टाळला. सर स्वतः तरुणपणी मुंबईत संशोधन करत होते. वडील वारले, धाकटी भावंडं शाळेत होती, म्हणून ते सांगलीला परतले आणि शिकवायला लागले. त्याबद्दल ते कधी बोलत नसत. फळा पुसताना मात्र कधीकधी हात मध्येच थांबायचा, आणि मग, "हं, कुठे होतो आपण?"

मी त्यांच्या हाताखाली आले तेव्हा त्यांची मूत्रपिंडं निकामी होत चालली होती. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी त्यांना मिरजेला दवाखान्यात जावं लागे. पाणी अगदी बेतानं प्यायचं होतं. ते खिशात वेलदोडे ठेवायचे आणि तहान लागली की एक तोंडात टाकायचे. अशा दिवसांत त्यांनी अभ्यासाला एक तारा धरला होता.

तो तारा म्हणजे एका मोठ्या ताऱ्याचा उरलेला गाभा. तसे गाभे बरेच माहीत होते, पण हा अधूनमधून गॅमा किरणांचे जोरदार झटके द्यायचा. त्याच्याइतकं तीव्र चुंबकत्व दुसऱ्या कशातच नसेल, त्या ताणानं त्याचं कवच तडकत असेल, असं तेव्हा काहीजण नुकतंच म्हणू लागले होते. काहीजण हसतही होते. सगळ्यांचं लक्ष त्या झटक्यांवर होतं. सर विचारायचे, "झटके येणारा माणूस मधल्या वेळात काय करतो? श्वास घेतो की नाही?" त्यांना वाटायचं, गप्प असतानाही त्या ताऱ्यातून कणांचा वारा सतत वाहत असणार. तो भोवतालच्या वायूवर आदळला की तिथं क्ष-किरणांत एक फिकं धुकं दिसलं पाहिजे. ते धुकं सापडलं तर तारा मधल्या वेळातही काही करतो हे सिद्ध झालं असतं.

क्ष-किरण आपल्या हवेतून खाली येत नाहीत. त्यामुळे दुर्बीण वर, उपग्रहावर. एका जपानी उपग्रहानं त्या ताऱ्याकडे बघून ठेवलं होतं आणि ती निरीक्षणं पुढे कुणालाही वापरायला खुली झाली होती. सरांचे जुने वर्गमित्र मुंबईत संशोधक होते. त्यांच्याकडे ती टेपवर होती. आमच्या कॉलेजात टेप वाचायचं यंत्र नव्हतं. एकच चांगला संगणक होता, त्याच्या खोलीबाहेर चपला काढाव्या लागत आणि त्याच्यावर कुणीतरी शिवून दिलेली फुलाफुलांची खोळ असे. तेव्हा सरांनी मित्राला लिहिलं, ताऱ्याभोवतीचा एक चौकोन कापून पाठव, फ्लॉपीत मावेल एवढा. मित्रानं पाठवला. त्या चौकोनाच्या बरोबर मध्यावर आमचा तारा होता.

मी वर्षभर तो चौकोन बघितला. उपग्रहाकडून चित्र येत नाही, आकडे येतात. एका ओळीत एक किरण: कुठे पडला, कधी पडला, किती जोराचा. त्या ओळींवरून चित्र बनवायचं, मग रिकाम्या आकाशाचा जो उजेड सगळीकडेच असतो तो वजा करायचा. दुर्बिणीला मध्यभागी चांगलं दिसतं, कडेला कमी. त्याचीही भरपाई करायची. हे सगळं केल्यावर एके दिवशी छपाईयंत्रानं करकरत जो कागद बाहेर टाकला त्यावर ताऱ्याभोवती फिकट वलयं होती, आणि ती एका बाजूला झुकलेली होती.

सर कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "झुकलंय. सातारकर, झुकलंय हे." मी साताऱ्याची म्हणून ते मला असंच म्हणायचे, नावानं क्वचितच हाक मारायचे. "तारा पुढे चाललाय आणि वारा मागे पडतोय. चल घरी."

काकू त्या दिवशी मेथी निवडत होत्या. मी पाटावर बसले.

"आधी तारा मेल्यावर काय उरतं ते सांग," सर बाहेरून म्हणाले.

"एक गोळा उरतो," मी म्हटलं. "सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून जेवढी जागा, तेवढ्यात बसेल असा. पण वजन सूर्यापेक्षा जास्त."

"कुपवाडसुद्धा?"

"हो."

"मग एमआयडीसीपण आली की त्यात."

बाहेर सर हसले. मी चाचरत पुढे गेले, चुंबक, झटके, वारा. 'नेब्युला' म्हणायचं नव्हतं म्हणून 'धुकं' म्हटलं. काकू विचारत होत्या, धुकं म्हणजे नदीवर असतं तसं का, आणि आकाशात कुठलं पाणी. मी सांगत होते, पाणी नाही, नुसता उजेड, पण कडा नसलेला. शेवटी त्यांनी काड्या बाजूला केल्या.

"म्हणजे यांचं खरं निघालं?"

"तसं दिसतंय."

"तसं दिसतंय म्हणजे? निघालं की नाही?"

"निघालं," मी म्हटलं.

निघताना त्या मला फाटकापर्यंत सोडायला आल्या. तशा त्या कधी येत नसत. पदराला हात पुसत, घराकडे पाठ करून म्हणाल्या, "डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलंय. फार दिवस नाहीत. यांना सांगितलेलं नाही, पण यांना कळलंय. तुझ्या हातात असलं तर एवढं कर. यांचं एक काम छापून येऊ दे. हे बघतील असं येऊ दे. त्यानंतर मी काही मागणार नाही."

मी मान हलवली. कुणी इतकं सरळ काही मागितलं की मला मान हलवण्यापलीकडे काही सुचत नाही.

सरांनी मित्राला कळवलं. मित्र खूश झाले. त्यांना लवकरच परदेशात एका परिषदेत बोलायचं होतं. तिथं ते सरांच्या नावानिशी या धुक्याचा उल्लेख करणार होते. फक्त त्याआधी एकदा सगळं मोठ्या संगणकावर तपासून घ्यावं, असं त्यांनी सुचवलं आणि पुण्यातल्या एका संस्थेत माझी आठवडाभराची सोय करून दिली. सरांना प्रवास झेपणार नव्हता, मी एकटीच गेले.

पुण्यातल्या त्या खोलीत थंडगार हवा होती आणि कुणी कुणाशी बोलत नव्हतं, त्यामुळे मला ती आवडली. पहिल्याच सकाळी मी आमच्या ताऱ्याची पूर्ण टेप उघडली. पडद्यावर रंगीत चित्र आलं. चौकोन नव्हताच, एक मोठं गोल आकाश होतं. त्यात आमचा तारा मध्यावर नव्हता. तो बराच एका बाजूला होता. दुर्बीण त्या दिवशी त्याच्यावर रोखलेलीच नव्हती, ती शेजारच्या कशावर तरी होती आणि आमचा तारा कडेला आपोआप आला होता.

हिशोब करायच्या आधीच मला कळलं. मित्रानं ताऱ्याभोवतीचा चौकोन कापला तेव्हा तारा चौकोनाच्या मध्यावर आला आणि सर आणि मी वर्षभर तोच दुर्बिणीचाही मध्य आहे असं धरून चाललो. भरपाई चुकीच्या जागेभोवती केली. ज्या बाजूला दुर्बिणीचा खरा मध्य होता, तिकडे उजेड जास्त उरला. आमचं धुकं बरोबर त्याच बाजूला झुकलं होतं.

उरलेले दिवस मी माझी ही शंका खोटी ठरतेय का ते बघण्यात घालवले. त्याच दुर्बिणीनं घेतलेली रिकाम्या आकाशाची निरीक्षणं शोधली, त्याच कोपऱ्यातली, आणि ती वजा केली. मोजण्याच्या पद्धती बदलल्या. प्रत्येक वेळी तारा उरत होता, बारीक, लख्ख, एकटा. भोवती काही नव्हतं. मी इंग्रजीत एक वाक्य तयार करून ठेवलं. त्यात 'पार्श्वभूमीशी सुसंगत' अशा अर्थाचे शब्द होते आणि ते वाचून कुणालाही चटकन दुःख झालं नसतं.

पुण्याहून सांगलीला जाताना वाटेत सातारा लागतो. मी तिथंच उतरले. आईनं विचारलं, अशी अचानक कशी, तर म्हटलं, कपडे धुवायचे आहेत.

घरी आत्या आली होती. वडिलांची धाकटी बहीण, माणमधल्या म्हसवडजवळच्या गावची. डोळ्याच्या डॉक्टरकडे दाखवायला आली होती. मी दिसताच तिनं मला जवळ ओढलं.

"वाळलीस की गं. रातच्याला झोपतीस का न्हाई? तारं बगायचं म्हंजे जागायचं आलं."

"आत्या, आम्ही दिवसाच काम करतो. वरच्या दुर्बिणीनं आधीच बघून ठेवलेलं असतं."

"मंग तू काय करतीस?"

"मोजते."

"दुसऱ्यानं बगितल्यालं मोजतीस व्हय. बरं हाय, बसून काम. एक्स-रेचं हाय म्हणं त्ये? मंग माझा ह्यो गुडगा बग की."

मी हसले, आणि हसता हसता मला रडू आलं. मग सांगावंच लागलं. सगळं नाही. सर आजारी आहेत, त्यांनी ज्याची वाट बघितली ते नाहीच असं निघालं, आणि ते मला जाऊन सांगायचं आहे, एवढंच. वडील खुर्चीत बसून ऐकत होते. ते फार बोलत नाहीत. थोड्या वेळानं म्हणाले, "दुपारी जा. जेवणखाण होऊ दे त्यांचं. पोटात अन्न असलं की माणूस जरा सोसतो."

आत्या एकदम ताठ झाली.

"ह्याला काय इचारतीस? ह्यो असंच करतो. ह्यांची खबर घिऊन आला तवा मी चुलीपाशी हुते. आला, पाय धुतलं, शेरडं बगितली, पोरास्नी खाऊ दिला. मी वाढलं. पिठलं आन् भाकरी. सगळं जेवला. मागून घेतलं. आन् मंग पान खाऊन झाल्यावर सांगितलं, का दाजी न्हाईत म्हणून."

"तुझ्या सासूनं ताट केलं होतं," वडील म्हणाले. "नको कसं म्हणणार होतो? आणि वरून हुकूम होता, घरच्यांना सावकाश सांगायचं."

"तुझ्या हुकमाला काय करू? मी हसत हुते, दादा. तुला वाढताना हसत हुते. लय दिसांनी भाऊ आला म्हणून. तू बगत हुतास आन् मला हसू दिलंस." तिनं चष्मा काढून डोळे पुसले. डॉक्टरनं डोळ्याला हात लावू नको असं सांगितलं होतं. "त्येवढं इसरत न्हाई बग मी. माणूस गेलं त्ये गेलं."

वडील उठून अंगणात गेले. अजिंक्यताऱ्यावर ऊन होतं. त्यांनी उगाचच नळ सोडला आणि बंद केला. इतक्या वर्षांत हे आमच्या घरात कधी कुणी बोललं नव्हतं. मला फक्त माहीत होतं की आत्याचे यजमान सीमेवर गेले आणि निरोप घेऊन गावी वडील गेले होते. त्या दिवशी मला वडिलांची दया आली, आणि आत्याचीही, आणि कुणाची जास्त ते ठरवता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी निघाले. कऱ्हाड, इस्लामपूर. ऊसतोडीचे दिवस होते, गाडी ट्रॅक्टरांच्या मागे रखडत होती. मी ते इंग्रजी वाक्य मराठीत करून बघत होते. ते होत नव्हतं. प्रत्येक वेळी ते लहान होत होतं.

सरांच्या घरी पोचले तेव्हा जेवायची वेळ झाली होती. सर बाहेरच्या खोलीत कॉटवर होते. आदल्या दिवशीच मिरजेला जाऊन आले होते, हातावर चिकटपट्टी होती. माझ्याकडे बघून ते किंचित उठले आणि पुन्हा टेकले.

"आलीस?" मग माझा चेहरा त्यांनी नीट बघितला. वर्गात एखादं गणित चुकणार आहे हे ते आमच्या आधी ओळखायचे, तसं. "मला नको सांगू. नियम तो नियम. आत जा. तिला सांग."

काकू ताटं मांडत होत्या. "बैस की. आधी जेव. वांग्याची भाजी केलीय, तुला आवडते म्हणून."

"नको काकू. आधी सांगते."

"अगं, दोन घास खा, मग सांग. पळून जातंय का ते?"

"नको. तुम्ही बसा."

त्या बसल्या. हातात पळी तशीच होती. मी पाट न घेता फरशीवर बसले.

"काकू, भिंतीवर बॅटरीचा उजेड पाडला तर मध्ये जास्त असतो आणि कडेला कमी."

"हं."

"दुर्बिणीचंही तसंच असतं. आपला तारा त्या उजेडाच्या मध्यावर आहे असं आम्ही धरलं होतं. तो मध्यावर नव्हता. बाजूला होता. आमच्याकडे कापून आलेला तुकडा होता ना, त्याच्या मध्यावर होता. अख्खं आकाश आम्ही बघितलं नव्हतं. मी पुण्यात बघितलं."

"मग?"

"मग एका बाजूला जो जास्तीचा उजेड दिसत होता, तो ताऱ्याचा नव्हता. दुर्बिणीचा होता."

"म्हणजे धुकं?"

इंग्रजी वाक्य माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. बाहेर कॉटचा आवाजही येत नव्हता.

"ते नाही," मी म्हटलं. "तिथं काही नाही, काकू."

रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गाणी वाजवत गेला. काकूंनी पळी भाजीत ठेवली. मग झाकण ठेवलं. मग झाकण काढून पळी बाहेर काढली.

"मध्य कुठल्या बाजूला होता?" बाहेरून सरांचा आवाज आला.

"जिकडे झुकलं होतं, तिकडेच."

"रिकामं आकाश वजा केलंस?"

"केलं. त्याच कोपऱ्यातलं. वेगवेगळी घेऊन."

"हं. मी मागवताना लिहिलं, ताऱ्याभोवतीचा चौकोन पाठव. त्यानं बिचाऱ्यानं तोच पाठवला. दुर्बीण कुठं रोखली होती हे मी विचारलंच नाही. मुंबईत असतो तर अख्खी टेप समोर असती, विचारावं लागलं नसतं."

मी दारापर्यंत गेले. ते छताकडे बघत होते. त्यांनी वेलदोड्यासाठी खिसा चाचपला, सापडला नाही. मग म्हणाले, "आणि 'काही नाही' असं म्हणू नकोस. आपल्याला दिसेल इतकं नाही. किती असतं तर दिसलं असतं, तो आकडा काढ. तो खरा."

"म्हणजे आता छापायचं नाही?" काकू माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"छापायचं की. सापडलं नाही, हेसुद्धा छापतात."

"ते कोण वाचतं?"

सरांनी कॉटवरून पाय खाली सोडले. म्हणाले, "रिक्षा बोलाव. त्याला परिषदेला निघायच्या आधी कळलं पाहिजे."

घरच्या फोनवरून बाहेरगावी लागत नसे. मी म्हटलं, मी जाऊन फोन करते. ते म्हणाले, "नाही. मी सांगितलं होतं, मीच सांगणार." आम्ही दोघींनी धरून त्यांना रिक्षात बसवलं.

कोपऱ्यावरच्या एसटीडीच्या काचेच्या खोपटात एकच माणूस मावायचा. मी बाहेर उभी राहिले. आत स्टूल होतं, पण सर उभेच राहिले. नंबर लागला. मला ऐकू येत नव्हतं, फक्त त्यांचं तोंड दिसत होतं. आधी त्यांनी तब्येतीची विचारपूस केली असावी, कारण ते हसले. मग त्यांनी उजव्या हाताच्या बोटानं काचेवर एक चौकोन काढला, जणू मित्र समोरच उभा होता. चौकोनाच्या मध्यावर बोट टेकवलं. मग ते बोट सरकवत चौकोनाबाहेर नेलं, काचेच्या कडेपर्यंत, आणि तिथं ठेवलं. नंतर ते नुसते ऐकत राहिले. पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत होता. सर मान डोलावत होते, आणि बोट काचेवर तिथंच होतं.

बाहेर आल्यावर दुकानदारानं त्यांची अवस्था बघून पाण्याचा ग्लास पुढे केला. सरांनी त्या ग्लासाकडे बघितलं. "नको, राहू द्या," म्हणाले.

रिक्षात बसल्यावर त्यांनी मला सांगितलं, "तो म्हणाला, वाईट वाटून घेऊ नकोस. काही वर्षांत याहून चांगली दुर्बीण वर जातेय. तेव्हा पुन्हा बघू."

"हो," मी म्हटलं.

"मी म्हटलं, बघा तुम्ही."

त्यानंतरचे आठवडे आम्ही तो आकडा काढण्यात घालवले. मी कॉलेजात हिशोब करायचे आणि दुपारी घरी नेऊन दाखवायचे. धुकं सापडतानाची जी घाई होती, ती आता कशातच नव्हती. सर प्रत्येक पायरी तपासायचे, पूर्वीपेक्षाही काटेकोरपणे. कधी मध्येच त्यांना झोप लागायची. मी कागद तसाच धरून बसायचे. काकू आतून बघायच्या आणि काही न बोलता पंखा कमी करायच्या. एकदा त्यांनी मला हळूच विचारलं, "लवकर होईल ना गं?" मी हो म्हटलं. लवकर होणार नाही हे मला माहीत होतं. लेख पाठवला तरी तो तपासायला जातो, परत येतो, पुन्हा जातो.

लेखाचं पहिलं पान सरांनी स्वतः वाचलं. शेवटची पानं मी वाचून दाखवली. लेख टपालानं गेला आणि मग आम्ही वाट बघत राहिलो. सर संक्रांतीच्या आधी गेले. मी साताऱ्यात होते. निरोप दुपारी आला. फोन वडिलांनी घेतला. मी जेवायला बसले होते. ते आले, माझ्यासमोरचं ताट उचलून बाजूला ठेवलं आणि मला सांगितलं.

लेख त्यानंतर कितीतरी महिन्यांनी छापून आला. फार मोठा नव्हता. त्याची प्रत घेऊन मी विश्रामबागेत सरांच्या घरी गेले. काकू एकट्याच होत्या. कॉट हलवली होती, त्या जागी शिवणयंत्र आलं होतं. त्यांनी चष्मा लावला आणि इंग्रजी अक्षरं एकेक जुळवत सरांचं नाव शोधलं. माझं नाव त्यांच्या नंतर होतं. त्यांचं बोट सरांच्या नावापुढे थांबलं.

"ही खूण कसली? तुझ्या नावापुढे नाही."

"ते आता नाहीत, असं खाली लिहिलंय," मी म्हटलं. "वाचणाऱ्याला कळावं म्हणून."

त्यांनी पानाच्या तळाशी बघितलं. तिथली बारीक ओळ त्यांना लागली नाही. कागद डोळ्यांजवळ नेला, मग पुन्हा मांडीवर ठेवला.

"मग कुणाला यातलं काही विचारायचं असेल तर?"

"मला. माझा पत्ता दिलाय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी बोलायला किती घाबरते हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. "तू सांगशील नीट?"

"सांगेन."

"कुणी विचारलं का?"

"अजून नाही," मी म्हटलं.